बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज या गावी झाला. ख्रिस्त मात्र आपल्याला त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी भेटला, असं त्या स्वतः सांगतात. १९०७ साली त्यांनी आपली साक्ष लिहिली. तीत त्या लपवाछपवी करत नाहीत: ख्रिस्ती धर्म हाती आला होता, त्या धर्माचा धनी हाती आला नव्हता. मधली वर्षं रिकामी गेली होती असंही नाही. अमेरिकेत व्याख्यानं झाली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या हालांवरचं पुस्तक १८८७ मध्ये निघालं, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उभं राहिलं. काम होतं, नाव होतं, नित्याची प्रार्थनाही होती. तरी त्यांच्या लेखी मुख्य गोष्ट घडायची राहिली होती.

या आठ वर्षांवरून माझा आणि माझ्या भाच्याचा वाद आहे. तो पुण्यात मनोविकारतज्ज्ञ आहे. नगरच्या आमच्या मंडळीतच वाढला, संडे स्कूलला गेला, नाताळच्या गायनात उभा राहिला. आता देवावरचा त्याचा विश्वास उरलेला नाही. मी शाळेत मराठी शिकवत होते, आता निवृत्त आहे, आणि मी विश्वास ठेवते. विश्वास गेल्याचं त्याला वाईट वाटतं, हे मला ठाऊक आहे. म्हणून त्याच्याशी वाद घालायला मी कधी कंटाळत नाही.

"आत्या, रमाबाईंचं आयुष्य एकदा ओळीने मांडून बघ," तो म्हणाला. "दुष्काळात वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. रानोमाळ उपाशी फिरल्या. मग १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा. इंग्लंडला गेल्या तर सोबतीला आलेल्या आनंदीबाई भगतांनी वाँटेजला विष घेऊन जीव दिला, आणि त्यानंतर काही आठवड्यांत बाप्तिस्मा. इतकी माणसं गेलेल्या बाईचं मन कुणाचा तरी हात शोधणारच. तो हात तिला सापडला असं तिला वाटलं, याचं मला नवल नाही."

"तू सांगतोस ते कारण बाप्तिस्म्याला लागू पडतं," मी म्हणाले. "आठ वर्षांनंतरच्या भेटीला नाही. दुःखाने माणूस देवाकडे ढकलला जातो हे खरं धरलं, तर ते १८८३ मध्ये व्हायला हवं होतं. तेव्हा तर त्यांनी डोक्याने विचार करून धर्म घेतला. खरं हलणं झालं ते मुलगी मोठी होत असताना, संस्था चालत असताना, पोटाची भ्रांत नसताना."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "माझ्याकडे येणारी माणसं पुष्कळदा अशीच येतात. संकट चालू असतं तेव्हा ती ताठ उभी असतात. सगळं स्थिरस्थावर झालं की मग कोसळतात. गोठलेलं दुःख उशिरा वितळतं. आठ वर्षं काही फार नाहीत."

हा मुद्दा मला खोडता आला नाही. खोडावासाही वाटला नाही. दुःख वितळण्याची वेळ आणि देव भेटण्याची वेळ एकच असू नये, असं कुठे सांगितलं आहे? पण तो जे म्हणत होता त्यात रमाबाईंच्या साक्षीतली एक गोष्ट बसत नव्हती. त्या वेळी त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्लिश धर्मोपदेशकाचं आत्मवृत्त आलं होतं. हे हॅस्लम कॉर्नवॉलमधल्या एका चर्चचे पाळक. १८५१ साली ते स्वतःच्याच व्यासपीठावर उपदेश करत असताना त्यांच्या लक्षात आलं, की आपण लोकांना जे सांगतो आहोत ते आपल्याला घडलेलंच नाही. आणि ते तिथेच, बोलता बोलता घडलं. रमाबाईंनी हे वाचलं आणि त्यांना आपली स्थिती दिसली. म्हणजे त्यांना सांत्वन मिळालं नव्हतं. त्यांचं उणं त्यांना दाखवलं गेलं होतं. दुःखी मन आपल्याला हवं ते रचतं, हे मान्य. पण 'तुझी विद्वत्ता, तुझं काम, तुझा बाप्तिस्मा हे सगळं मिळूनही तू माझ्याजवळ आलेली नाहीस' हे ऐकायला कुठलं मन उत्सुक असतं?

"मला वाँटेजच्या रमाबाई जवळच्या वाटतात," तो म्हणाला. "ख्रिस्ती झाल्या तरी, ज्यांच्याकडे राहत होत्या त्या मठातल्या सिस्टरांचं सगळं निमूट मान्य करायला तयार नव्हत्या. त्र्यैक्याचा सिद्धांत पटत नाही म्हणून पत्रांतून भांडल्या. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको, असं विचारलं. ती बाई प्रश्न विचारत होती. पुढे केडगावच्या आपल्या आश्रमात प्रार्थनेत रडणारी बाई मला समजत नाही."

"बाई एकच आहे रे," मी म्हणाले. "रडल्यावर प्रश्न विचारायचं सोडलं असतं तर तुझी तक्रार बरोबर होती. पण याच बाईने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसून संबंध पवित्र शास्त्र मराठीत आणलं, तेही खेड्यातल्या बायांना कळेल अशा साध्या मराठीत. ते छापलं केडगावच्या मुक्ती सदनातल्या छापखान्यात, तिथल्या मुलींनीच. मूळ भाषांशी झगडत बसणारी माणसं बुद्धी गहाण टाकलेली नसतात."

इथे रमाबाईंच्या आयुष्यातला आणखी एक धागा मला त्याच्यापुढे ठेवायचा होता. माझ्या मते सगळं त्यात आहे. बाप्तिस्म्याआधी सिस्टरांनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅमला नेलं होतं. तिथे 'वाया गेलेल्या' म्हणून समाजाने टाकलेल्या बायांसाठी आश्रम होता, आणि चांगल्या घरच्या बाया त्यांची मायेने सेवा करत होत्या. अशा बायांना कुणी जवळ करतं, हे रमाबाईंनी तोवर पाहिलं नव्हतं. त्यांनी कारण विचारलं, तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवण्यात आला: विहिरीवर आलेली शोमरोनी स्त्री, पाच नवरे झालेली, आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. पुढे केडगावला रमाबाईंनी विधवा आणि दुष्काळातल्या अनाथ मुली यांच्यासाठी घर केलं, आणि फुलहॅममध्ये पाहिलं होतं तशा बायांसाठी 'कृपा सदन'ही काढलं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली घेऊन आल्या. ज्या भुकेतून आपण वाचलो तिच्याकडे पुन्हा पाहू नये, असं कुणालाही वाटेल. या बाई तिच्याकडे चालत गेल्या.

"म्हणजे तुझा निकष फळावर आहे," तो म्हणाला. "विल्यम जेम्सने १९०२ च्या पुस्तकात हेच म्हटलंय. अनुभव कुठून उपजला ते विचारू नका, त्यातून काय निपजलं ते बघा. पण त्यातून देव आहे हे सिद्ध होत नाही. अनुभव उपयोगी होता, एवढंच सिद्ध होतं."

"नुसतं चांगलं फळ मी म्हणत नाही. चांगली कामं नास्तिकही करतात, तूही करतोस. माणूस ज्याच्याकडे पाठ करून उभा होता त्याच्याकडे त्याचं तोंड वळलं का, हे मी बघते. दिमिष्काच्या वाटेवर शौलाला प्रकाश दिसला, तो आंधळा झाला, एवढं सगळ्यांना आठवतं. पण पुढे काय झालं? ज्यांना बांधून न्यायला तो निघाला होता, त्यांच्यातल्याच हनन्याने येऊन त्याच्यावर हात ठेवले आणि त्याला भाऊ म्हणून हाक मारली. जक्कयाच्या घरी येशू उतरायला गेला. तिथे येशू त्याला आधी काय म्हणाला ते लूक सांगत नाही. ज्यांना लुबाडलं होतं त्यांना चौपट परत देतो म्हणून जक्कय उभा राहिला, ते मात्र सांगतो. अंगावर काटा येणं वेगळं आणि भेट वेगळी. भेटीत पत्ता दिला जातो. आपण होऊन कधी गेलो नसतो, असा पत्ता."

"तुला मिळाला होता?"

हे त्याने आजवर कधी विचारलं नव्हतं. घरात सगळ्यांना थोडंफार माहीत आहे, पण त्यावर कुणी बोलत नाही.

त्याचे मामा, म्हणजे माझे यजमान, नगर–पुणे रस्त्यावर अपघातात गेले. समोरून आलेल्या ट्रकचा चालक वाचला. काही दिवसांनी त्याची बायको लेकरं घेऊन दारात आली होती. आतून कुणीतरी तिला परत पाठवलं. त्यानंतर कितीतरी महिने मी उपासनेला जात होते, गीतं म्हणत होते, प्रभुभोजन घेत होते, आणि आत कुणीच नव्हतं. एका पहाटे दूध तापत ठेवून ओट्याशी उभी होते. आवाज आला नाही, उजेड दिसला नाही. फक्त कळलं, की मी एकटी नाही; जो आहे तो माझा सगळा राग पाहतो आहे, आणि पाहूनही तो निघून जात नाही. मी गॅस बंद केला आणि खाली बसले. मला कुणी शांत केलं असं मी म्हणणार नाही. मला कुणीतरी ओळखत होतं. आणि ती ओळख इतकी पुरी होती, की स्वतःपासून लपवलेलंही काही उरलं नाही. उठले तेव्हा एक गोष्ट ठरून गेली होती, मी ठरवली नव्हती: त्या बाईचं गाव शोधायचं. गेले. ती मला पाहून घाबरली. आम्ही फार बोललो नाही. पुढे तिच्या थोरल्या मुलीची दहावीची मराठीची तयारी मी करून घेतली.

भाच्याने शांतपणे ऐकून घेतलं. "हे मला मोडायचं नाही," तो म्हणाला. "पण खोटंही बोलायचं नाही. तू शिक्षिका. तुझ्या आईवडिलांनी लहानपणापासून शत्रूवर प्रीती करा हे तुझ्यात पेरलेलं. त्या बाईला परत पाठवल्याचं तुझ्या मनात सलत राहिलं असणार. एका पहाटे तुझ्यातल्याच चांगल्या बाईने तुझ्यातल्या रागावलेल्या बाईला जिंकलं. त्याला तू प्रभू म्हणतेस. मी म्हणत नाही. पण तू गेलीस, हे मोठंच आहे."

"माझ्यातली चांगली बाई मला ठाऊक आहे. ती फार तर पैसे पाठवून मोकळी झाली असती."

आम्ही दोघं आपापल्या जागी राहिलो. मग त्याने तो प्रश्न काढला, ज्याला मी नेहमी घाबरते.

"तुझ्या भेटीची किंमत तू भरलीस. नारायण वामन टिळकांच्या भेटीची कुणी भरली? नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला, डोंगरावरच्या प्रवचनाने ते भारले गेले, १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. मोठी, सुंदर गोष्ट. आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई? लहान लेकरू घेऊन चार वर्षांहून अधिक काळ माहेरच्यांच्या आसऱ्याने, नवरा जिवंत असून नसल्यासारखी. तुझा निकष लाव ना. टिळकांचं तोंड कुणाकडे वळलं? त्यांनी तर जवळच्या माणसाकडे पाठ केली."

याला माझ्याकडे उत्तर नाही. मी ते त्याला तसंच सांगितलं. मत्तयाच्या दहाव्या अध्यायात आपल्यामुळे घरात फूट पडेल असं प्रभूनेच सांगितलं आहे. उपदेशात ते शौर्याचं वचन म्हणून ऐकवतात. मला तिथे 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रातली लक्ष्मीबाई दिसते. सगळं सोडून ख्रिस्तामागे जाणाऱ्यांच्या कहाण्या आपल्या मंडळीत कौतुकाने सांगतात, मागे राहिलेल्यांच्या फारशा सांगत नाहीत. हे बरोबर नाही, असं मला मनापासून वाटतं.

पण लक्ष्मीबाईंची गोष्ट तिथे संपत नाही, आणि ती टिळकांनी त्यांच्यासाठी घडवलेलीही नाही. त्या नवऱ्याकडे परत आल्या त्या ख्रिस्ती व्हायला नव्हे. वेगळी चूल मांडली, सोवळं सांभाळलं. हे सोवळं साधंसुधं नव्हतं. त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याला वेडाची कळा आली होती. मीठसुद्धा धुवून घरात घ्यायचं, असा तो कारभार. 'स्मृतिचित्रे'ची सुरुवातच त्या घरापासून होते. त्या बापाच्या लेकीच्या मनात एक दिवस प्रश्न उभा राहिला: जात देवाने केली की माणसाने? कुणी प्रवचन केलं नव्हतं. उत्तर आतूनच आलं, आणि त्या कुणाच्याही हातचं पाणी प्यायला लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. टिळकांना ख्रिस्त पुस्तकातून भेटला, रमाबाईंना आपल्या उणेपणाच्या जाणिवेतून, आणि लक्ष्मीबाईंनी आधी दुसऱ्याच्या हातचं पाणी घेतलं आणि मग त्यांना तो भेटला. पुढे टिळकांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरं राहिलं, ते पुरं केलं या बाईंनीच.

"हे मला पटतं," तो म्हणाला, "पण वेगळ्या कारणाने. यात देव नसला तरी गोष्ट तेवढीच मोठी राहते."

"माझ्यासाठी राहत नाही. नवऱ्याचं मन राखायला त्यांनी हे केलं असतं तर आल्या दिवशीच केलं असतं."

"आणि तुकोबा? टिळकच म्हणायचे ना, की तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो? तो पूल होता तर तुकोबांना पलीकडे कोण भेटला होता?"

"देहूच्या माणसाला देव भेटला नाही असं म्हणायला माझी जीभ उचलत नाही. मला जो भेटला त्याच्या हातांना खिळ्यांचे वण आहेत, एवढं मी सांगू शकते. तुकोबांविषयी देवाला काय म्हणायचं आहे ते तो त्यांना सांगेल."

बोलणं इथवर आलं तेव्हा मला वाटलं आता तो उठेल. पण खरी गोष्ट त्याने शेवटी काढली. तो त्यासाठीच आला होता, असं मला नंतर वाटलं.

सुरुवात त्याने केडगावपासून केली. १९०५ च्या जूनमध्ये मुक्ती सदनात मुली प्रार्थना करता करता ओक्साबोक्शी रडू लागल्या. एकीने सांगितलं, माझ्या अंगात आग शिरली आहे, आणि तिच्याभोवती ज्वाळा पाहिल्या असं सांगणारी बाई पाण्याची बादली आणायला धावली. त्या घटनेला आमच्याकडे संजीवन म्हणतात. माझ्या भाच्याला त्यात दुष्काळात आईबाप मरताना पाहिलेल्या मुलींचा सामूहिक आक्रोश दिसतो. मला दोन्ही दिसतं. ज्या पोरींना रडायला कधी जागाच मिळाली नव्हती त्यांना ती देवासमोर मिळाली, तर त्यात देवाचं काय कमी होतं?

"केडगावचं जाऊ दे," तो म्हणाला. "आजचं सांगतो. अशा प्रार्थनासभांना जाऊन माणसं माझ्याकडे परत येतात. सभेत प्रभू भेटला म्हणतात, खूप रडतात, हलकी होतात. मग कुणीतरी सांगतं, आता गोळ्या कशाला, गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास. गोळ्या बंद होतात. महिन्या-दोन महिन्यांत माणूस वाईट अवस्थेत दाखल करावा लागतो. मग मी त्यांच्या नातेवाइकांना काय सांगू? प्रभू भेटला नव्हता म्हणून सांगू?"

"नको. ते तुला ठाऊक नाही. गोळ्या घे म्हणून सांग."

"ते माझं ऐकत नाहीत. पाळकांचं ऐकतात."

"मग पाळकांशी मी बोलते. पौलाबरोबर फिरणारा लूक वैद्य होता, आणि पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो, हे कलस्सैकरांच्या पत्रात लिहिलंय. ज्या प्रभूने आपल्या माणसांमध्ये वैद्य ठेवला, तो गोळ्या फेकायला सांगणार नाही."

"आणि पेशंट म्हणाला, मला आतून तसंच सांगितलं गेलंय, तर? तुलाही आतूनच सांगितलं गेलं होतं, आत्या. त्याचा आवाज खोटा आणि तुझा खरा, हे कोण ठरवणार? तू?"

"मी एकटी नाही. त्या गावी जायच्या आधी मी आमच्या पाळकबाईंना विचारलं होतं, तुझ्या आईला विचारलं होतं, पवित्र शास्त्र उघडून बसले होते. त्यांनी तिघांनीही जा म्हटलं. आतला आवाज मंडळीसमोर, शास्त्रासमोर, आणि डॉक्टरसमोरही ठेवायला ज्याची तयारी नाही, त्याच्या आवाजाला मी प्रभूचा म्हणणार नाही."

"डॉक्टरसमोरही?"

"हो. म्हणून तू ये. महिला मंडळाची सभा रविवारी उपासनेनंतर असते. मी योहानाच्या चौथ्या अध्यायावर बोलणार आहे. माझं झालं की अर्धा तास तुझा. औषधं कशी काम करतात, मधेच बंद केली तर काय होतं, ते साध्या मराठीत सांग. देवाविषयी तुला जे वाटतं ते लपवू नकोस, पण ते सांगायला उभाही राहू नकोस. आणि त्या बायांनी तुला काही विचारलं, तर घाईने उत्तर देऊ नकोस. पुष्कळजणींनी हे आजवर कुणालाच विचारलेलं नाही."

तो म्हणाला, उपासनेला बसणार नाही, बाहेर थांबेन. मी म्हटलं, चालेल, अकराला ये.